माझ्याकडची प्रत

सोमवार, ५ जानेवारी

आज डबा आला. त्याचं खरं नाव नेटवर्क स्टोरेज, पण दिसायला अगदी जेवणाचा डबा. काळा, चौकोनी, पुढे चार हिरवे दिवे. कागदांच्या कपाटावर ठेवलाय. मॅनेजरबाई म्हणाल्या, यापुढे छापखान्यातली सगळी पुस्तकं ह्याच्या पोटात राहतील.

वही नवीन आहे, म्हणून सगळं नीट लिहिते. नाहीतर मागच्या वर्षीसारखं मलाच माझं लिहिलेलं कळायचं नाही. आमचा छापखाना अंध मुलांच्या शाळेची पुस्तकं ब्रेलमध्ये छापतो. मी साधं पुस्तक समोर ठेवून कॉम्प्युटरवर ब्रेल उतरवते. मास्तर ते तपासतात. मास्तरांना जन्मापासून दिसत नाही. त्यांच्या कीबोर्डखाली एक पट्टी आहे, तिच्यावर टिंबं वर येतात आणि ते ती बोटांनी वाचतात. माझ्या एका पानात तीन तरी चुका काढल्याशिवाय त्यांचा चहा गोड होत नाही. खरं तर ते कधी मास्तर नव्हतेच, आम्हीच ठेवलेलं नाव.

आत्तापर्यंत मी धडा पेन ड्राइव्हवर घालून त्यांच्या खोलीत नेऊन द्यायचे. आता कॉम्प्युटरवाल्याने दोन्ही टेबलं डब्याला जोडून दिली. मी त्याच्या मागे उभी राहून लिहून घेतलं. आधी दोन तिरक्या रेघा, मग डब्याचा नंबर, मग फोल्डरचं नाव 'विज्ञान'. मग नाव आणि पासवर्ड. मग 'लक्षात ठेव' या चौकोनात खूण. की माझ्या कॉम्प्युटरवर 'झेड' नावाचा कप्पा उगवतो. मास्तरांच्या कॉम्प्युटरवर पण तसाच झेड उगवला.

तो म्हणाला, "आता दोघांनाही सगळं दिसेल मॅडम. पळापळ बंद."

म्हणजे मी माझ्या झेडमध्ये धडा ठेवला की त्याची प्रत आपोआप मास्तरांच्या झेडमध्ये जाणार. सोय छान आहे. पण चालली पाहिजे.

बुधवार, ७ जानेवारी

चालली नाही. सकाळी कॉम्प्युटर लावला तर झेडवर लाल फुली. पहिला धडा त्यात होता! पासवर्ड मागत होता. टाकला तर चूक म्हणतो. चार वेळा टाकला. पाचव्यांदा टाकायची हिंमत होईना, कायमचं कुलूप लागलं तर?

मास्तर दारात येऊन उभे राहिले. "काय ताई, डब्याने उपास धरलाय का?"

"तुम्हाला थट्टा सुचते. वीस फेब्रुवारीला पुस्तक शाळेत पोचवायचंय, चौदा धडे आहेत."

"पासवर्डातलं पहिलं अक्षर मोठं आहे. त्याने बडबडत टाकला तेव्हा मी ऐकलं होतं."

तेच होतं. फुली गेली. एका अक्षरापायी अर्धा तास माझा जीव टांगणीला. मास्तर दिवसभर ऐटीत होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की इथे डोळे असलेल्यांना बरंच काही दिसत नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी

पहिला आणि दुसरा धडा मास्तरांनी तपासून पूर्ण केला. माझ्या एकूण अकरा चुका. त्यांनी पट्टीवरून बोट न उचलता दुरुस्त केल्या, सेव्ह केलं आणि ओरडून सांगितलं, "एक-दोन झाले!"

मग मी माझ्याकडच्या प्रती फाडल्या. हा आमच्याकडचा नियम, कॉम्प्युटर येण्याच्या आधीपासूनचा. काम पुढच्याने पूर्ण केलं की मागच्याने आपल्याकडचा कागद फाडायचा, म्हणजे एका पुस्तकाच्या दोन प्रती फिरत नाहीत. एकदा कुणीतरी फाडला नव्हता आणि चुकांसकट दीडशे पुस्तकं छापून गेली होती. तेव्हा मी नवीन होते. तेव्हाच्या जुन्या मॅनेजरबाई मला जे बोलल्या ते अजून कानात आहे. पेन ड्राइव्ह आला तरी मी नियम सोडला नाही, मास्तरांचं झालं की माझ्या कॉम्प्युटरवरचा धडा पुसून टाकायचे. आज झेडमधले दोन्ही पुसले.

कॉम्प्युटर विचारतो, 'कायमचं पुसायचं का?' पूर्वी नुसतं टोपलीत टाकायचा, आता प्रश्न विचारतो. डबा आल्यापासून आगाऊ झालाय.

गुरुवार, १५ जानेवारी

पाच धडे झाले. अशाच वेगाने गेलो तर वेळेत होईल. आज मनाला जरा बरं वाटतंय, म्हणूनच भीती वाटते.

सोमवार, १९ जानेवारी

तोंडचं पाणी पळालंय. धडे नाहीत.

मॅनेजरबाई किती काम झालं ते बघायला मास्तरांच्या टेबलाशी बसल्या. सहावा आहे, सातवा आहे. एक ते पाच नाहीत. मास्तर म्हणाले, नीट बघा. बाईंनी नीट बघितलं. मास्तरांनी स्वतः कानात आवाज लावून यादी ऐकली, दोनदा. सहा, सात, संपलं.

मला बोलावलं. माझ्याकडे तरी आहेत का? मी म्हटलं, माझ्याकडच्या नियमाप्रमाणे मी ठेवत नाही. बाईंनी मान हलवली, नियम त्यांनाही माहीत आहे.

पाच धडे. मास्तरांनी ते टिंब न टिंब वाचलेले. त्यांचा चेहरा असा कधी बघितला नव्हता. एक विनोद नाही.

मंगळवार, २० जानेवारी

कॉम्प्युटरवाला आला. डबा उघडला, तारा हलवल्या, दिवे बघितले. डब्याला काही झालेलं नाही म्हणाला. फाइल आपोआप जात नाही, कुणीतरी पुसली. डब्यातून पुसलेलं टोपलीत जात नाही, सरळ जातं. दुसरी राखीव प्रत ठेवायची सोय तो पुढच्या आठवड्यात करणार होता. कोणी कधी काय पुसलं त्याची नोंदही चालू केलेली नव्हती. सगळं पुढच्या आठवड्यात!

त्याने आम्हा दोघांना समोर उभं करून विचारलं, "शेअर फोल्डरमधून कुणी काही डिलीट केलंय?"

मी म्हटलं, "नाही." शेअरच्या फोल्डरला मी कशाला हात लावू? मी आपली माझ्या झेडपुरती.

मास्तर म्हणाले, "मी फक्त सेव्ह करतो. बाकीच्या बटणांकडे माझं बोट जातच नाही."

आणि कॉम्प्युटरवाल्याने मॅनेजरबाईंकडे बघितलं. एवढंच, नुसतं बघितलं. मास्तरांना ते दिसलं नाही. मला दिसलं.

बुधवार, २१ जानेवारी

जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. हे बेकरीची गाडी चालवतात. दिवसभर गाडीत एकटे असतात, त्यामुळे घरी आले की प्रत्येक गोष्टीवर मत देतात.

"डबा एक आणि बघणारे दोघं. मग तुझं वेगळं काय आहे त्यात?" ह्यांचा प्रश्न.

"माझा झेड आहे. त्यांचा झेड वेगळा, त्यांच्या टेबलावर."

"पण डबा एकच ना?"

"तुम्ही पाव पोचवा," मी म्हटलं. डोकं आधीच फुटायला आलेलं, त्यात ह्यांचं शिकवणं. मग वाईट वाटलं. हे ताट घेऊन उठले.

मी परत परत आठवून बघते. मी काय काय केलं? उतरवलं, ठेवलं, मास्तरांचं झालं तेव्हा माझं फाडलं. रोजचंच. माझ्याकडून काही वेडंवाकडं झालेलं नाही. पण मग झालं कसं? जे मास्तरांच्या हातून पूर्ण होतं, नेमकं तेच जातं. जे अर्धं आहे ते राहतं. हे मी कुणाला बोलले नाही. फक्त इथे लिहिते.

गुरुवार, २२ जानेवारी

बोलले. लिहायलाही लाज वाटते, पण बोलले.

मॅनेजरबाईंनी बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्या मला विचारत होत्या, पण प्रश्न असे की उत्तर मी दिलं नाही तर संशय माझ्यावर येईल. तुम्ही किती वर्षं झाली इथे, हल्ली काम झेपतं ना, चष्म्याचा नंबर वाढलाय का. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सेव्ह करताना त्यांच्या हातून चुकून दुसरं बटण दाबलं जात असेल. त्यांना काय, दिसत तर नाही."

बाईंनी लगेच मान हलवली. त्या ह्याचीच वाट बघत होत्या.

चौदा वर्षं मी त्या माणसाच्या वाटेतल्या खुर्च्या बाजूला करते आहे. पावसाळ्यात ओल्या फरशीवर पोतं टाकते. आणि आज दोन मिनिटांत हे.

पण खरंही असू शकतं ना? माणूस आहे, चुकत असेल. मी खोटं तर बोलले नाही.

शुक्रवार, २३ जानेवारी

मास्तरांना बाइंडिंगमध्ये पाठवलं. छापलेल्या कागदांना भोकं पाडून स्पायरल घालायची. "पुस्तक पूर्ण होईपर्यंत," असं बाई म्हणाल्या. तपासणीसुद्धा आता मीच करायची, पडद्यावर बघून.

मास्तर टेबलाशी उभे होते. पट्टीवरून एकदा हात फिरवला, वरची धूळ काढल्यासारखा. मी म्हटलं, "थोडे दिवसच आहेत, मास्तर." ते म्हणाले, "हो हो. भोकं तर भोकं. टिंबाचाच भाऊ." हसले पण. मला हसता आलं नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

पहिला धडा परत उतरवते आहे. तीन दिवसांत काहीही गायब झालं नाही. मॅनेजरबाई म्हणाल्या, "बघा, मास्तर उठले आणि सगळं थांबलं." मला हायसं वाटलं. हायसं वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला. बाइंडिंगच्या दारावरून जाताना मी आत बघत नाही. चपलेचा आवाज ओळखतात ते, म्हणून पाय हळू टाकते.

बुधवार, २८ जानेवारी

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सहावा धडा मी तपासून पूर्ण केला. ब्रेल छापायचं मशीन मास्तरांच्या टेबलाला जोडलेलं आहे, म्हणून एक प्रत तिथून छापून बघायची होती. आधी त्यांच्या कॉम्प्युटरवर जाऊन खात्री केली. सहावा होता. परत माझ्या टेबलाशी आले. पुढचा माणूस आता मीच, मागचा पण मीच, तरी नियम तो नियम. माझ्याकडची प्रत फाडली. 'कायमचं पुसायचं का?' हो म्हटलं. मग छापायला त्यांच्या खोलीत गेले.

सहावा नव्हता.

दोन मिनिटांपूर्वी होता. खोलीत कुणी आलं नव्हतं. मास्तर तिकडे भोकं पाडत होते, मशीनचा खटखट आवाज येत होता.

मी त्यांच्या खुर्चीत बसून राहिले. मग उठून माझ्या टेबलाशी गेले. एक नवीन फाइल केली, त्यात नुसतं 'चहा साखर' लिहिलं, झेडमध्ये ठेवली. त्यांच्या खोलीत गेले. होती. परत आले, पुसली. परत गेले. नव्हती. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा करताना उलटं केलं, त्यांच्याकडून पुसली आणि माझ्याकडे येऊन बघितली. गेलेली. त्यांचा आणि माझा असे दोन कप्पे नाहीतच. एकच कप्पा आहे आणि दोन टेबलांवरून आम्ही त्यातच बघतो आहोत. माझ्याकडे कुठलीच प्रत कधी नव्हती.

मीच. पाचही धडे मीच पुसले. त्यांचं झालं की दर वेळी, आठवणीने, नियमाप्रमाणे.

घरी आल्यावर ह्यांना काही सांगितलं नाही. ह्यांनी विचारलं, चेहरा का उतरलाय. मी म्हटलं, डोकं दुखतंय.

गुरुवार, २९ जानेवारी

मॅनेजरबाईंना सांगितलं. रडले पण. त्यांनी पाणी दिलं. मग दार लावलं.

"हे बघा, पुसलेलं काही परत येणार नाही. ट्रस्टींना मी काय सांगू, नियम पाळता पाळता पुस्तक घालवलं? आपण डब्याची जोडणी बिघडली होती म्हणू. मास्तरांना सोमवारपासून परत टेबलावर बसवते. तुमचं नाव नको, त्यांचं नको. मिटलं."

मी म्हटलं, बरं.

मास्तर परत बसणार आहेत, मग अजून काय हवं? कुणाचं काही बिघडत नाही. हे वाक्य मी दोनदा लिहून बघितलं. एकदा खोडलं.

सोमवार, २ फेब्रुवारी

मास्तर टेबलावर परत. मी पुसणं बंद केलंय. कॉम्प्युटरवाल्याने राखीव प्रतीची सोयही करून दिली.

मला वाटलं होतं, येतील, म्हणतील, "काय ताई, माझ्याशिवाय किती चुका साठवल्या?" तसं काही नाही. बसले आणि पहिला धडा वाचायला घेतला. दुपारपर्यंत चार पानं. पूर्वी ते एवढ्या वेळात अख्खा धडा संपवायचे. एक ओळ वाचतात, परत मागे जातात.

संध्याकाळी मला बोलावलं. एक कागद पुढे केला. "आज मी काय काय केलं ते बघून घ्या आणि इथे सही करा. काही पुसलेलं नाही म्हणून."

"कशाला मास्तर? जोडणी बिघडली होती, बाईंनी सांगितलं ना."

"ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलंय. बाइंडिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, माझं बोट चुकतं. करा सही."

केली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवार, ४ फेब्रुवारी

आज मधेच हाक मारली. "ताई, मी आत्ता काय दाबलं?"

"सेव्ह."

"नक्की?"

"नक्की."

दहा मिनिटांनी परत तेच. माझ्या धड्यात एक ढळढळीत चूक होती, 'पाणी' या शब्दात एक टिंब कमी. पूर्वी असती तर सगळा छापखाना डोक्यावर घेतला असता. आज त्यांनी हळूच विचारलं, "इथे एक टिंब कमी लागतंय का हो, की मलाच तसं लागतंय?"

चूक माझी होती. मी सांगितलं तशी त्यांनी दुरुस्त केली. पण स्वतःच्या बोटावर विश्वास ठेवून केली नाही, माझ्या सांगण्यावर केली.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

चौथी सही. घरी ह्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. हे 'मी म्हटलं होतं' म्हणाले नाहीत. म्हणाले, "तो माणूस वेडा होईल."

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आज सांगितलं.

दुपारी चहा झाल्यावर त्यांच्या खोलीत गेले आणि बसले. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. म्हटलं, "मास्तर, ते धडे मी पुसले. तुमचं बोट कधीच चुकलं नाही. तुमचा झाला की मी माझ्याकडची प्रत फाडत होते, आणि ती माझी नव्हतीच, एकच होती. तुमची आणि माझी मिळून."

त्यांनी पट्टीवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

"कधी कळलं?"

"अठ्ठावीसला."

"म्हणजे नऊ दिवस." बोटांवर मोजलं त्यांनी. "आणि चार दिवस सही करत होतात."

"हो."

"मी डॉक्टरकडे जाऊन आलो, ताई. साखरेने बोटांची जाणीव जाते म्हणतात. बायकोला रोज सकाळी सुई टोचायला लावतो, कळतंय का बघायला. दहाही बोटांना." त्यांनी हात पुढे केले. बोटांच्या टोकांवर बारीक बारीक लाल खुणा होत्या.

मला रडू फुटलं. ते म्हणाले, "रडू नका, आत्ता मला चिडायचंय." आणि खरंच चिडले. आवाज चढला. "खुर्ची बाजूला करता, पोतं टाकता, सगळं कळतं मला. पण काही गेलं म्हटल्यावर पहिलं बघितलंत ते माझ्याकडे! मला एकदा विचारलंत? त्या दिवशी विचारलं असतंत तर दोघांनी बसून शोधून काढलं असतं. पासवर्ड मीच सांगितला होता ना?"

"चुकलं माझं. भ्यायले मी."

"हे मला सांगून काय उपयोग? मला तर माझं बोट माहीत होतं, तुम्ही विसरायला लावलंत. माझ्याबद्दल बोललात कुठे?"

"मॅनेजरबाईंच्या खोलीत. पुढे बाइंडिंगमध्ये त्यांनी सांगितलं."

"मग तिकडे सांगा. दोन्हीकडे."

मॅनेजरबाईंच्या खोलीत फार वेळ लागला नाही. त्या म्हणाल्या, मिटलेलं कशाला उकरता. मी म्हटलं, माझ्यापुरतं मिटलं होतं, त्यांच्यापुरतं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग बाइंडिंग. तिथे चौघीजणी, भोकं पाडायचं मशीन चालू. मी दाराच्या आत उभी राहिले. म्हटलं, विज्ञानाचे धडे मास्तरांनी पुसले नव्हते, मी पुसले होते. दोघींनी वर बघितलं. बाकीच्या कागद सरळ करत होत्या. मशीनच्या आवाजात कुणाला किती कळलं कोण जाणे. मला वाटलं, सांगून तर झालं. वळले.

मास्तर मागे दारात उभे होते, चौकटीला हात लावून.

"मशीन बंद करा," ते म्हणाले. "मला ऐकू आलं नाही."

मशीन बंद झालं. सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या. मी पहिल्यापासून परत सांगितलं, मोठ्याने.